चार दाती टीव्ही

दुकानात आले की आबा आधी टीव्हीच्या मागं जात. समोर चित्र चालू असे, मासे पोहत असत, फुलं उमलत असत, आबांबरोबर आलेली माणसं तिकडं टक लावून उभी असत. आणि आबा मात्र भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या फटीत डोकं घालून, एक डोळा मिटून पाठ बघत. "तोंड समद्यांचंच बरं असतंय," ते आतूनच सांगत. "जनावर मागनं बगावं."

त्यांचं खरं नाव मी इथं देत नाही. माझ्या तोंडून ते यावं असं मी वागलेलो नाही. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणत असे. हिर्डोशीच्या अलीकडच्या एका वाडीत त्यांचं घर. पंचाहत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ, खांद्यावर बारा महिने काळी घोंगडी. आयुष्यभर ते बैलांचे पारखी होते. कुणाला बैल घ्यायचा असला की बाजाराला जाताना आबांना बरोबर न्यायचं. आबा दात बघणार, खूर बघणार, चार पावलं चालवून बघणार आणि शेवटी एकच शब्द बोलणार, "घ्या" किंवा "चला". "चला" म्हटलं की विषय संपला. विकणाऱ्यानं मग कितीही शपथा खाल्ल्या तरी आबा टोपी नीट करून चालू लागत.

पुढं आमच्या भागात पॉवर टिलर आले, ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. पण आबांना बरोबर न्यायची लोकांची सवय काही गेली नाही. कुणीतरी त्यांना पाण्याची मोटर घ्यायला नेलं. मोटर चांगली निघाली. मग पिठाची गिरणी, मग फ्रिज, मग टीव्ही. सारोळे, कामथडी, इकडं थेट घाटाच्या पायथ्यापर्यंतची माणसं आबांना घेऊन भोरला येऊ लागली. एकानं तर त्यांना मुलगी बघायला चला म्हणून गळ घातली होती. आबा म्हणाले, "तिथं दात मोजता येत न्हाईत. म्या न्हाई येत."

मी भोरला टीव्ही-फ्रिजच्या दुकानात विक्रेता आहे. वीसेक वर्षं हेच काम करतो. तुमच्यापैकी कुणी दुकानात उभं राहून माल विकला असेल तर तुम्हाला माहीत असेल, ज्या गिऱ्हाइकाबरोबर असा माणूस येतो त्याच्याशी बोलून उपयोग नसतो. बोलायचं ते त्या माणसाशी. आणि आबांशी बोलायचं म्हणजे बैलाच्या भाषेत बोलायचं.

"हे कुठलं?" ते विचारत.

मी कंपनीचं नाव सांगे.

"घरानं न्हाई, गाव इचारतोय. जन्म कुठला?"

मी खोक्यावरचा कारखान्याचा पत्ता वाचून दाखवी. ते मान हलवत, जणू त्या गावचं पाणी त्यांच्या चांगलं परिचयाचं आहे. मग दात. बैलाचं वय दातांवरून कळतं; दोन दाती म्हणजे कोवळा, चार दाती म्हणजे कामाला आलेला. टीव्हीच्या मागं तारा खोचायला जी भोकं असतात ती आबा बोट लावून मोजत आणि बाहेर येऊन जाहीर करत, "दोन दाती हाय." बरोबर आलेली मंडळी गंभीरपणे एकमेकांकडं बघत. एक-दोनदा मी समजावायचा प्रयत्न केला, की ही भोकं कमी-जास्त असण्याचा वयाशी काही संबंध नाही. आबा म्हणाले, "पावनं, तुमी इकताय. इकनाऱ्यानं दाताचं बोलू न्हाई."

त्यानंतर चालवणं. मी आणि दुकानातला दुसरा विक्रेता चालू टीव्ही दोन्ही बाजूंनी धरून, वायर पुरेल तेवढं, दोन पावलं पुढं आणि दोन पावलं मागं जात असू. आबा खाली वाकून बघत राहत. चित्र लंगडतंय का, हे त्यांना बघायचं असे. मग ते टीव्ही अर्धा तास चालू ठेवायला लावत आणि पाठीवर तळवा ठेवून ताप बघत. आवाज मात्र बंद. लई हंबरणारं जनावर कामाला हलकं असतंय, असं त्यांचं मत होतं. आणि सगळ्यात शेवटी, कुणाचं लक्ष नसताना, खांद्यावरची घोंगडी काढून ती टीव्हीच्या तोंडासमोर फाडकन झटकत. बुजरं जनावर असलं तर कळावं म्हणून. टीव्ही कधी बुजला नाही. एकदा मिक्सर बघायला आलेल्या बाई मात्र बुजल्या आणि तशाच निघून गेल्या.

हसू येतं ना? मलाही येत असे. पण एक सांगतो. इतक्या वर्षांत आबांनी "घ्या" म्हटलेला एकही टीव्ही परत आला नाही. कसं, ते मला आजही सांगता येणार नाही.

*

आमच्या दुकानात तेव्हा एकाच मापाचे दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवलेले होते. एक साधा एलसीडी, भराभर खपणारा. दुसरा ओएलईडी, मालकांनी हौसेनं मागवलेला आणि आठ महिने कुणी न विचारलेला. दोघांतला फरक सोपा आहे. एलसीडीच्या चित्रामागं दिवे असतात आणि ते सगळीकडून पेटलेले राहतात, म्हणून रात्रीचं आभाळसुद्धा त्यात जरा करडं दिसतं. ओएलईडीत एकेक ठिपका आपला आपण पेटतो आणि विझतो, म्हणून काळं म्हणजे शाईसारखं काळं. चित्र बघून माणूस गप्पच होतो. पण त्याची दोन दुखणी आहेत. फार उजेडाच्या जागी तो फिका पडतो. आणि एकच चित्र दिवसचे दिवस एकाच जागी राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. हे मला पाठ होतं. गिऱ्हाइकाला हे सांगणं हेच माझं काम होतं.

मालक रोज सकाळी त्या ओएलईडीवरची धूळ पुसत आणि माझ्याकडं न बघता म्हणत, "वीस वर्षं विकतोय म्हणे हा माणूस."

भाताची झोडणी उरकल्यावर एका दिवशी आबा आले. बरोबर त्यांच्याच वाडीतला किसन आणि त्याची बायको सुमन. किसनला साधा एलसीडी घ्यायचा होता. सुमनला मोठा घ्यायचा होता, कुठला का असेना.

"तुमच्या घरी टीव्ही कोण बघतं जास्त?" मी विचारलं.

"आमच्या सासूबाई," सुमन म्हणाली. "सकाळी कीर्तनाचं चॅनल लावत्यात ते दिवे लागंपतूर. मधी कुनी बदललं तर जेवत न्हाईत."

"आन बगायची जागा कुठं, तर वसरीला," किसन म्हणाला. "अंगनाकडं तोंड. लई ऊन येतंय."

मी ऐकलं. दोन्ही वाक्यं नीट ऐकली. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? त्या घरात ओएलईडी नेणं म्हणजे बर्फाची लादी उन्हात नेऊन ठेवणं होतं.

आबांनी नेहमीप्रमाणं दोन्हींची पाठ बघितली, आधी एलसीडीची, मग ओएलईडीची. "ह्यो दोन दाती. त्यो चार दाती. दोनी निर्मळ हायत," ते म्हणाले. "तोंड च्या पिऊन बगू." आणि तिघं समोरच्या हॉटेलात गेले.

त्या पाऊण तासात काय झालं ते मला सांगायचं आहे. कुणी मला भाग पाडलं नाही. घरात अडचण नव्हती, नोकरी जाणार नव्हती. फक्त मालकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी धूळ पुसताना काहीतरी वेगळं बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. मी दाराचा पडदा ओढला. रिमोट घेतला आणि एलसीडीचा उजेड निम्म्याहून खाली आणला. रंगही काढून टाकले, अगदी सगळे नाही, आजाऱ्याच्या चेहऱ्यावर राहतात तेवढे ठेवले. आमच्या धंद्यात हे फार लोक करतात. मी त्याआधी कधी केलं नव्हतं, पण हात असे सराईत चालले की माझंच मला नवल वाटलं.

ते परत आले. आबा एलसीडीसमोर उभे राहिले, आणि कितीतरी वेळ उभेच राहिले. मग अगदी जवळ गेले.

"ह्याला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "असंच असतं हे."

तीन शब्द. असंच असतं हे. मी आयुष्यात याहून मोठं खोटं बोललो असेन, पण ते आता आठवत नाही.

"गरीब हाय," आबा म्हणाले. "पन डोळ्यांत पानी न्हाई." आणि त्यांनी त्या टीव्हीच्या वरच्या कडेवरून हात फिरवला. मग ते ओएलईडीकडं वळले. त्यात तेव्हा रात्रीचं आभाळ आणि चांदण्या चालू होत्या. आबांनी खांद्यावरची घोंगडी काढली, काळ्या आभाळाला लावून बघितली आणि म्हणाले, "ह्याचं काळं खरं हाय." मग त्यांनी ती झटकली. ओएलईडी बुजला नाही.

"घ्या," आबा म्हणाले.

किसननं एकदा किमतीच्या चिठ्ठीकडं बघितलं, एकदा आबांकडं, आणि होकार भरला. दुसऱ्या दिवशी मालकांनी पेढे आणले. मी दोन खाल्ले.

*

साधारण दीड वर्षानं किसनचा फोन आला. टीव्हीवर समई उमटली होती.

कीर्तनाच्या चॅनलची खूण म्हणजे वरच्या कोपऱ्यात एक समई. ती रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथंच असे. आता चॅनल बदललं तरी ती जात नव्हती. क्रिकेट लावलं तर मैदानावर समई. बातम्या लावल्या तर पुढाऱ्याच्या डोक्यावर समई. एका सिनेमात खलनायक नायिकेला पळवून नेत होता तर त्याच्याही मागं समई तेवतच होती. किसनच्या आईनं हे बघून हात जोडले आणि टीव्हीला हळदकुंकू वाहिलं. किसननं कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलं, हा बिघाड नव्हे, हा वापर आहे. तशात वसरीवरच्या उन्हात दुपारी चित्र दिसतच नसे. नुसतं अंगण दिसे, अंगणातल्या कोंबड्या आणि समई.

चार दिवसांनी आबा एकटे दुकानात आले. पहिल्यांदाच ते कुठल्या टीव्हीच्या मागं गेले नाहीत. सरळ माझ्यासमोर आले.

"डाग पडला," ते म्हणाले.

"आबा, ते एकच चॅनल सारखं लावल्यामुळं..."

"त्यांचं काय चुकलं न्हाई. तुमचं बी न्हाई. म्या 'घ्या' म्हनलो, त्यांनी घेतलं."

जुन्या पारख्यांत एक रीत होती. आपण पसंत केलेला बैल खोडीचा निघाला, तर पारखी तो आपल्या गोठ्यात नेतो आणि स्वतःचा बैल त्या घरी बांधतो. आबांच्या घरी आमच्याच दुकानातून नेलेला एक छोटा एलसीडी होता. तो त्यांनी किसनच्या वसरीवर नेऊन ठेवला आणि समईचा ओएलईडी आपल्या घरी आणला. किसन नको नको म्हणत होता. आबांनी ऐकलं नाही. ते मला हे सगळं सांगायला आले होते, कारण विकणाऱ्याला कळवणं हाही रीतीचा भाग होता. सांगून झाल्यावर टोपी नीट करून ते निघून गेले.

त्यानंतर आबा कुणाबरोबर दुकानात येईनासे झाले. सारोळ्याचे एक जण फ्रिज घ्यायला एकटेच आले, तेव्हा मी विचारलं, "आबा नाही आले?"

"न्हाई येत म्हनले. डोळं गेलं म्हनत्यात."

"दिसत नाही?"

"दिसतंय की. दिसल्यालं कळत न्हाई म्हनत्यात." त्यांनी फ्रिजचं दार उघडलं, बंद केलं, मागं डोकावून बघितलं आणि ते गोंधळून उभे राहिले. "आता आमी कुनाच्या भरवशावर घ्यायचं ओ?"

वाचणाऱ्याला वाटेल की या काळात माझी तळमळ झाली असेल. खरं सांगतो, मला झोप लागत होती. जेवण जात होतं. हेच सांगायची मला जास्त लाज वाटते. फक्त दुकानात कुणी टीव्हीच्या मागं डोकावलं की मी हातातलं काम सोडून तिकडंच बघत राही. ते वाढत वाढत गेलं, आणि एका सुट्टीच्या दिवशी मी आबांच्या वाडीवरून महाडकडं जाणाऱ्या एसटीत बसलो.

*

आबा घरात नव्हते, गोठ्यात होते. आणि ओएलईडीही गोठ्यात होता.

गोठ्यात आता बैल नव्हता. तीन शेळ्या होत्या. बैल बांधायच्या जागी, गव्हाणीवर फळी टाकून तो पातळ, देखणा टीव्ही उभा केला होता. पोत्यावर आबा बसलेले, त्यांच्या बाजूला शेळ्या. आवाज बंद. पडद्यावर कुठल्यातरी समुद्रात खोल, काळ्या पाण्यात चकाकणारे मासे फिरत होते, आणि कोपऱ्यात समई. त्या अंधाऱ्या गोठ्यात ते चित्र इतकं सुंदर दिसत होतं की मी दारातच थांबलो. आमच्या दुकानातसुद्धा तो टीव्ही असा कधी दिसला नव्हता. एक शेळी रवंथ करायची थांबून माशांकडं बघत होती.

"या पावनं," आबा म्हणाले. "अंधारात लई गुनाचं हाय. उन्हाचं न्हाई त्ये. बसा."

मी बसलो. वाटेत जुळवून ठेवलेली वाक्यं डोक्यातून निघून गेली. तेवढ्यात आबांनीच विचारलं.

"त्या दुसऱ्याचं काय झालं?"

"कुठल्या?"

"त्या दोन दातीचं. आजारी व्हतं त्या दिवशी. मला रोज सय येती. कुनी बगितलं का त्याला?"

दीड वर्षाहून जास्त काळ ते त्या टीव्हीची आठवण काढत होते. शेळीनं माझ्या शर्टाचं टोक चघळायला घेतलं तरी मला ते सोडवता आलं नाही.

"आबा, ते आजारी नव्हतं," मी म्हणालो. "मी पाडलं होतं." आणि मग मी सगळं सांगितलं. पडदा, रिमोट, उजेड, रंग, पेढे.

आबा ऐकत राहिले. मग त्यांनी टीव्ही बंद केला. समईही गेली.

"म्या बैल इकनारे हेडे बगितले," ते सावकाश म्हणाले. "शिंगं तासून म्हाताऱ्याला तरना करनारे. लंगड्याला दारू पाजून पळवनारे. पांढऱ्या केसाला काळं फासनारे. पन्नास वर्सं वाईटाला चांगलं करनारे म्या वळकले, एक सुटला न्हाई." ते माझ्याकडं वळले, आणि त्यांचं 'पावनं' आणि 'तुमी' दोन्ही संपलं. "चांगल्याला वाईट करनारा तू पयला. ही चाल असती हेच मला ठावं न्हवतं. म्या कुठं बगायचं?"

माझं ओझं उतरवायला मी इतक्या लांब आलो होतो, आणि ते उचलून मी या माणसाच्या पुढ्यात टाकलं होतं.

"ते कुठं हाय?"

"दुकानात. अजून तिथंच, दाखवायला ठेवलेलं."

"आजारीच?"

"नाही, दुसऱ्याच दिवशी मी उजेड वाढवला."

"बरं झालं म्हन की," आबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा सैल पडला. मग म्हणाले, "घिऊन ये. तूच. रस्त्यापतूर एसटीनं, फुडं डोक्यावर."

*

मी तो एलसीडी मालकांकडून विकत घेतला. "याच्यासाठी?" मालक म्हणाले, "याच्या तर पाठीवरसुद्धा चरे पडलेत." मी पैसे मोजून दिले. एसटीत कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट काढलं का? निदान खिडकीची जागा तरी द्या." फाट्यावर आबा उभे होते. मी खोकं डोक्यावर घेतलं आणि ते पुढं चालू लागले.

मला वाटलं होतं आपण थेट किसनच्या घरी जाऊ. आबा पहिल्याच घरासमोर थांबले.

"काय आबा, कुनाचा टीव्ही?" अंगणात नाचणी पाखडणाऱ्या बाईनं विचारलं.

"त्याला इचार."

मी म्हणालो, "त्याचं असं आहे, की आमच्या दुकानात डिस्प्लेची तुलना करताना ब्राइटनेसच्या सेटिंगमध्ये..."

"मराटीत," आबा म्हणाले.

"मी याचा उजेड मुद्दाम कमी केला होता. म्हणून आबांनी दुसरा निवडला."

"का ओ?"

"तो महागडा खपत नव्हता."

"मंग आसं सांगा की," बाई म्हणाली, आणि परत पाखडायला लागली.

अशी अकरा घरं. तिसऱ्या घरी मी खोकं खाली ठेवू लागलो तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे डोक्यावर. त्याला उतरायची सवय न्हाई." पाचव्या घरापर्यंत माझं सांगणं दोन वाक्यांवर आलं होतं. सातव्या घरी एका म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि मग आत वळून ओरडला, "अगं ए, बाहेर ये, ह्यो परत सांगतोय!" आठव्या घरी आमच्यामागं पाच-सहा माणसं जमली होती. एकानं माझ्या वतीनं सांगायला सुरुवात केली. आबांनी त्याला गप्प केलं. "ज्याचं त्यानं सांगावं."

किसनच्या दारात पोचलो तेव्हा माझी मान हलत नव्हती. सुमन कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला सगळं आधीच कळलं होतं. वाडीत आवाज पायांपेक्षा लवकर पोचतो.

"मी..." मी सुरुवात केली.

"कळलं," ती म्हणाली. "आबांना घरात बसवलं दीड महिना. आमी त्यांना तोंड दावायला लाजत व्हतो, आन ते आमाला. आन तुमी तिकडं पेढं खाताय!" मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "ठिवा त्ये खाली. पानी पिता का?"

आबांचा छोटा एलसीडी काढून त्या जागी हा टीव्ही वसरीवर लावला. भर दुपार होती, अंगण उन्हानं पेटलं होतं, आणि तरी चित्र स्वच्छ दिसत होतं. आबा समोर उभे राहिले. मागं गेले नाहीत. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्योच व्हता." जमलेल्या माणसांनी ते ऐकलं. मला वाटतं, मी अकरा घरी सांगितलेलं लोक विसरतील, पण हे दोन शब्द विसरणार नाहीत. आबांना पुन्हा दिसू लागलं होतं.

एवढ्यात किसनची आई आतून आली; आबांच्या छोट्या टीव्हीत समई नाही म्हणून ती दीड महिना रुसून बसली होती. तिनं कीर्तन लावायला लावलं, मग मुद्दाम दुसरं चॅनल लावायला लावलं आणि कोपऱ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्यात बी समई न्हाई व्हय?"

"आई, त्यो डाग व्हता," किसन म्हणाला.

"डाग तुझ्या डोळ्यांत. ह्या टीव्हीत देव न्हाई. न्हेऊन टाका."

तिची समजूत कुणालाच काढता आली नाही. शेवटी असं ठरलं, की घरच्यांनी वसरीवर एलसीडी बघायचा आणि म्हातारीनं रोज सकाळी आबांच्या गोठ्यात जाऊन कीर्तन ऐकायचं. ती अजूनही तेच करते. शेळ्यांना तिनं टाळ्यांची सवय लावली आहे असं ऐकतो.

*

आबा गेल्या थंडीत गेले. त्या दुपारनंतर ते पुन्हा दुकानात आले नाहीत. बोलावणी येत होती, पण ते सांगत, एक चाल म्हायती न्हवती, अजून किती असतील कुनाला ठावं. मी दहाव्याला गेलो होतो. मागं उभा होतो.

महिन्याभरानं कामथडीची एक बाई दुकानात आली. एकटीच. टीव्ही घ्यायचा होता, आणि तिच्यासमोर तेच कोडं होतं: साधा की महागडा. ती कुठल्याच टीव्हीकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती, अगदी टोपीपासून चपलेपर्यंत म्हणावं तसं, मी टोपी घालत नाही एवढंच.

"तुमीच का ते, डोक्यावर टीव्ही न्हेल्याले?"

मी म्हणालो, हो, मीच.

"आबांनी सांगितल्यालं, टीव्ही घ्यायचा तर तुमच्याकडनं घ्यायचा."

"माझ्याकडून?"

"व्हय. म्हनले, बाकीच्या दुकानदारांची खोड कुनाला म्हायती? ह्याची मला कळलीया. खोड कळल्यालं जनावर घ्यायला हरकत न्हाई." तिनं पिशवी काउंटरवर ठेवली. "मंग? कुठला घिऊ?"

मी विचारलं, "ताई, तुमचं घर कसं आहे? आधी मला घर सांगा. ऊन कुठून येतं?"

तिनं काउंटरच्या काचेवर बोटानं घर काढायला सुरुवात केली. आधी उंबरा काढला, मग खिडकी, मग खिडकीबाहेरचं आंब्याचं झाड. आणि त्या झाडाची सावली दुपारी कुठवर येते ते नक्की आठवेना, म्हणून तिनं घरी फोन लावला.